अडलेलं आमेन

त्यांच्या मंडळीत चहाड्या कोणी करत नसे. चहाडी हे पाप, हे सगळ्यांना पाठ होतं. प्रार्थनेच्या विनंत्या मात्र भरपूर असायच्या. दर शुक्रवारी दुपारी भगिनी मंडळ चर्चच्या मागच्या खोलीत जमायचं, पाळकीणबाई विचारायच्या, कोणाची काही विनंती? मग कोणाची सून माहेरी जाऊन बसली, कोणाचा मुलगा परीक्षेत आडवा झाला, कोणाचा नवरा उशिरा घरी येतो, असं एकेक देवापुढे ठेवलं जायचं. देवाला ते आधीच ठाऊक असायचं. बायकांना त्या दिवशी कळायचं.

थोरली त्या खोलीत सगळ्यांत कमी बोलणारी. कपडे दुरुस्त करून देण्याचं तिचं छोटं दुकान होतं. चेन बदलायची, पँट आखूड करायची, कोणी जाडी झाली तर ब्लाउजची शिवण उसवून सैल करायची आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. काम करताना तोंडात टाचण्या. त्यामुळे गिऱ्हाईक आपलं सगळं ओतून मोकळं व्हायचं आणि थोरली नुसतं 'हं' करायची. टाचण्या धरलेलं तोंड कुठे काही फोडणार, अशी तिची ख्याती होती.

म्हणून तर धाकटी बहीण बुधवारी दुकानात येऊन तिच्यापाशी रडली. नवरा स्वयंपाकघरात पडला होता. चहाचं पातेलं उतरवायला गेला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तिथेच कोसळला. क्षणभरात शुद्धीवर आला, उठला, हसला आणि फरशी पुसायला लागला. मागे एकदा न्हाणीघरातही असंच झालं होतं, ते त्याने पाय घसरला म्हणून खपवलं होतं. डॉक्टरकडे चला म्हटलं तर ऐकेना. डॉक्टर लिहून देणार, गाडी चालवू नका. आणि धाकटीचा नवरा शाळेच्या बसवर ड्रायव्हर. गाडी गेली तर मी कोण उरलो, असं तो तिला म्हणाला होता.

शाळेला सुट्टी होती, म्हणून बस आठवडाभर उभीच होती. पण शनिवारी चर्चच्या रविवार शाळेतल्या मुलांची सहल होती, डोंगरापलीकडच्या तलावावर. दरवर्षी हाच शाळेची बस मागून मुलांना घेऊन जायचा, सेवा म्हणून. रस्ता सगळा वळणांचा, एका बाजूला दरी.

"तेवढी सहल होऊ दे ताई," धाकटी म्हणाली, "मग मी त्यांना हाताला धरून नेते. शपथ घालायची नाही असं आपल्याला शिकवलंय, म्हणून घालत नाही. पण माझी बहीण असशील तर हे कुठे बोलू नकोस."

थोरलीने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाली, नाही बोलणार.

दोन रात्री तिला झोप लागली नाही. इकडे आड तिकडे विहीर. बोलावं तर बहीण तुटते, न बोलावं तर पोरं वळणावर. खरं म्हणजे उपाय शास्त्रात लिहिलेला होता आणि तिला तो तोंडपाठही होता. भावाचं काही चुकत असेल तर आधी त्याच्याकडे जा, एकटी जा, त्याला एकांतात सांग. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर ने. त्याहीपुढे गेलं तर मंडळीला सांग. पायऱ्या अगदी क्रमाने मांडून ठेवल्या होत्या, आंधळ्यालाही चुकणार नाहीत अशा. बहिणीचं घर तिच्या दुकानासमोर, गल्ली ओलांडली की दार. पण मेहुण्याच्या तोंडावर जाऊन 'भाऊजी, तुम्ही स्टिअरिंगला हात लावू नका' म्हणायचं, या विचारानेच ती कूस बदलून भिंतीकडे तोंड करायची.

मग तिने काय केलं, तर शुक्रवारी भगिनी मंडळात हात वर केला. नाव घेतलं नाही हं, त्याची अगदी काळजी घेतली. आमच्या नात्यातल्या एका चालकासाठी प्रार्थना करा, त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, एवढंच म्हणाली. बायकांनी डोळे मिटले, उसासे टाकले, प्रार्थना केली. थोरलीला हलकं हलकं वाटलं. देवाच्या कानावर घातलंय, आता तो बघून घेईल. घरी येऊन ती दोन घास जास्त जेवली. माणूस स्वतःला किती सफाईने फसवतो, आणि तेही हात जोडून!

तिच्या नात्यात चालक किती आहेत, हे मोजायला मंडळातल्या बायकांना काही वेळ लागणार नव्हता.

शनिवारी सकाळी चर्चच्या अंगणात बस उभी होती, धुऊन पुसून लखलखीत केलेली. मुलं आत चढून जागांसाठी भांडत होती. ड्रायव्हर टायरांना लाथा मारून हवा बघत होता आणि येणारी प्रत्येक बाई त्याला मऊ आवाजात 'जपून जा हो' म्हणत होती. तिसऱ्या-चौथ्या 'जपून'ला त्याने मान वर करून पाहिलं. थोरली डब्यांच्या पिशव्या मोजल्याचं सोंग करत होती.

तेवढ्यात बिगूलबाईने तिला दंडाला धरून पायरीवर ओढलं. या बाईचा आवाज असा की कुजबुजली तरी फाटकापर्यंत ऐकू जावं, म्हणून हे नाव. तिची नात बसमध्ये होती, ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर, कारण तिला मागे बसलं की उलटी होते.

"कालचा तो चालक," बिगूलबाई म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खरोखर खाली गेला होता. "तो हाच का? तू हो म्हण, मी पोरीला उतरवते. कोणाला सांगणार नाही."

धाकटी दहा पावलांवर होती. ती इकडेच बघत होती.

"नाही हो," थोरली म्हणाली. "तो लांबचा. तुम्ही नाही ओळखत त्याला."

बिगूलबाईने सुस्कारा सोडला, 'प्रभूची स्तुती असो' म्हणाली आणि नातीला खिडकीतून पाण्याची बाटली द्यायला गेली. थोरली पायरीवर तशीच उभी राहिली. तिचे कान तापले होते. प्रभूला ओळखत नाही म्हणणाऱ्या पेत्राला निदान कोंबड्याने आरवून आठवण करून दिली. इथे अंगणात कोंबडाही नव्हता. नुसती बसच्या खिडकीतून त्या पोरीची दोन वेण्या घातलेली मान दिसत होती, आणि तिच्यापुढे ड्रायव्हरची रिकामी सीट.

पाळकसाहेबांनी टाळी वाजवली. प्रार्थना करून निघू या.

आता या मंडळीची एक रीत होती, दुसरीकडे कुठे नसेल. खूप जुन्या एका पाळकांनी ती घालून दिली होती. त्यांचं म्हणणं, सगळ्यांनी एकदम आमेन म्हटलं की त्या गलक्यात कोणीही लपतं. प्रभू म्हणाला, तुमचं होय ते होय असू द्या. मग प्रत्येकाने आपापलं म्हणावं. तेव्हापासून कुठल्याही प्रवासाआधी, नव्या कामाआधी सगळे हात धरून गोल उभे राहायचे, पाळक प्रार्थना करायचे, आणि आमेन एकाकडून दुसऱ्याकडे फिरायचं. ज्याच्या हातात काम, तो शेवटी. एकाचं जरी आमेन आलं नाही तरी काम अडायचं, कारण कळेपर्यंत. इतक्या वर्षांत आमेन एकदाच अडलं होतं आणि तेव्हा एक म्हातारे गृहस्थ उभ्या उभ्या झोपले होते. त्यावर लोक अजून हसायचे.

मोठी माणसं बसपाशी गोल उभी राहिली. धाकटीने थोरलीचा उजवा हात धरला. डावीकडे जागा होती ती नेमकी ड्रायव्हरची. त्याने रुमालाला हात पुसून तिचा हात धरला. त्याचा तळवा गार होता.

पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. चाकांसाठी, रस्त्यासाठी, हवेसाठी आणि शेवटी आमच्या या भावाच्या हातांसाठी आणि डोळ्यांसाठी. ते सहज म्हणाले, दरवर्षी म्हणायचे तसंच. थोरलीच्या हातातला तो गार हात एकदम घट्ट झाला.

मग आमेन निघालं. पाळकीणबाईंनी म्हटलं. रविवार शाळेच्या शिक्षिकेने म्हटलं, कोणाच्या वडिलांनी म्हटलं, कोणाच्या आईने. एकेक करत ते गोल फिरत येत होतं आणि थोरलीला वाटत होतं, कुठेतरी कोणीतरी अडवेल. कोणाला काय पडलं होतं अडवायला, खात्रीने कोणालाच काही ठाऊक नव्हतं. बिगूलबाईने खणखणीत आमेन म्हटलं, कारण तिला खात्री दिली गेली होती. धाकटीने म्हटलं, अगदी हळू, आणि थोरलीच्या तळव्यात नखं रुतवली.

थोरलीने तोंड उघडलं. आवाज फुटेना. टाचण्या नव्हत्या, काही नव्हतं, नुसता एक शब्द होता आणि तो येत नव्हता. आमेन म्हणजे होय म्हणायचं. म्हणजे असं होवो, या हातांत ही पोरं जावोत, ती दोन वेण्यांची मुलगी तिथेच बसो.

सगळे वाट बघत राहिले. पाळकसाहेबांनी एक डोळा उघडला, मग दुसरा.

"ताई?" ते म्हणाले.

"पाळकसाहेब," थोरली म्हणाली, "मला भाऊजींशी बोलायचंय. आधी एकटीला बोलू द्या."

धाकटीने हात झटकून सोडला.

बसच्या मागे, जिथे डिझेलचा वास भरला होता, तिथे दोघं समोरासमोर उभी राहिली. ड्रायव्हरच्या हातात किल्ली होती आणि तो ती बोटात फिरवत होता. थोरलीने तिथे जाईपर्यंत जे शब्द जुळवले होते ते सगळे ती विसरली. आज गाडी चालवू नका, एवढंच ती म्हणाली.

"हिने सांगितलं तुम्हाला."

"हो. आणि मी काल मंडळात सांगितलं. नाव नाही घेतलं."

"नाव नाही घेतलं," तो म्हणाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "म्हणून सकाळपासून जो तो मला जपून जा म्हणतोय. ताई, तुमच्या मशीनवर बसलं की आमचं दार दिसतं. तुम्ही देवाला सांगितलंत. खोलीभर बायकांना सांगितलंत. मला कधी सांगणार होता?"

थोरलीला ते काळजात लागलं. चुकलं माझं, ती म्हणाली, आधी तुमच्याकडे यायला हवं होतं, मला भीती वाटली. भीती कसली, त्याने विचारलं, मी काय खाणार होतो तुम्हाला? नाही, ती म्हणाली, पण तुम्ही माझ्याशी बोलणं सोडलं असतं.

तो कडवट हसला. म्हणाला, अंधारी आली ती घरात, गाडीत कधीच आली नाही. अजून आली नाही, ती म्हणाली. इतकी वर्षं देवाने सांभाळलंय, तो म्हणाला, आजही सांभाळेल, तुमचा विश्वास नाही का?

"देवदूत झेलतील, मार उडी, असं मंदिराच्या टोकावर उभं करून सैतानाने प्रभूलाही सांगितलं होतं," थोरली म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो स्पष्ट निघत होता. "त्याने नाही मारली उडी. आणि तो एकटा होता, भाऊजी. तुमच्या पाठीमागे पोरं बसलीत."

त्याने किल्ली फिरवायची थांबवली.

"आणि मी गेलोच तर?"

"मग मला आमेन म्हणता येणार नाही. ते कारण विचारतील आणि मला सांगावं लागेल. मला ते सांगायचं नाहीये. तुमचं तुम्ही सांगावं असं वाटतं."

तो तिला ओलांडून पुढे गेला, सरळ गोलात जाऊन आपल्या जागी उभा राहिला आणि पाळकसाहेबांना म्हणाला, चालू द्या. थोरली मागोमाग आली. धाकटीने तिचा हात धरला नाही, दोन्ही हात छातीशी घेऊन ती दुसरीकडे बघत उभी होती. गोल तिथे तुटलेलाच राहिला.

पाळकसाहेब म्हणाले, जिथे थांबलं तिथून पुढे. सगळ्यांच्या नजरा थोरलीवर.

आता सांगावंच लागणार. तिने बसकडे पाहिलं. काचेला नाक लावून ती पोरगी बाहेर बघत होती. थोरलीने श्वास घेतला, आणि तेवढ्यात डाव्या हातात काहीतरी टोचलं. किल्ली होती. त्याने ती तिच्या तळव्यात दाबली होती आणि वरून आपली मूठ तशीच धरून ठेवली होती.

"ताईंना विचारू नका," ड्रायव्हर म्हणाला. "आमेन माझंच येत नाही, पाळकसाहेब. मी दोनदा बेशुद्ध पडलोय. माझ्या गाडीत ही मुलं बसवू नका."

पाळकसाहेब गोल ओलांडून आले आणि त्यांनी त्याला मिठी मारली, आणि तो मोठा माणूस त्यांच्या खांद्यावर तोंड लपवून ढसाढसा रडला.

सहल झाली नाही. दुसरा ड्रायव्हर मिळाला नाही, तेव्हा मुलांनी डबे अंगणातच उघडले आणि बसच्या सावलीत बसून खाल्ले. काही आईबाप धन्यवाद देत होते, काही कुरकुरत होते की हे आदल्या दिवशी सांगायला काय झालं होतं. बिगूलबाई थोरलीसमोर येऊन उभी राहिली. लांबचा होता ना, एवढंच म्हणाली. थोरलीने मान खाली घातली आणि सांगितलं, खोटं बोलले, तुमच्या नातीच्या जिवाशी खेळले, क्षमा करा. बिगूलबाई पाठ फिरवून नातीकडे निघून गेली. त्या दिवशी तिने क्षमा केली नाही, आणि तिचं बरोबरच होतं.

धाकटीशी फाटकापाशी गाठ पडली. नवरा पुढे निघून गेला होता.

"देवाच्या नावाखाली माझं घर चव्हाट्यावर मांडलंस," ती म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "आता माझ्यासाठी प्रार्थनासुद्धा करू नकोस."

आठवडा सरत आला. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या, त्यांचे निकाल यायचे होते. शाळेने बस दुसऱ्याला दिली. थोरली मशीनवर बसली की समोरचं दार दिसायचं, ते बंद असायचं. एकदा मेहुणा गॅलरीत दिसला, दिवसाढवळ्या, झाडांना पाणी घालत. त्याला दिवसा घरात पाहायची तिला सवय नव्हती. रोज संध्याकाळी दुकान बंद करताना ती ठरवायची, उद्या जाते, आणि रोज उद्या निघायचा.

शुक्रवारी भगिनी मंडळ भरलं. त्या दिवशी एकही बाई गैरहजर नव्हती, सर्दी झालेल्यासुद्धा आल्या होत्या. पाळकीणबाईंनी विचारलं, कोणाची काही विनंती? खोलीतल्या सगळ्या माना थोरलीकडे वळल्या. तपासणीत काय निघालं, धाकटी काय म्हणते, घरात कसं चाललंय, सगळं कळायला हवं होतं. प्रार्थनेसाठी. बायका वाईट नव्हत्या. त्यांचं प्रेमही होतं आणि कानही टवकारलेले होते, आणि त्यातलं कुठलं कुठे संपतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. थोरलीला ते चांगलंच ठाऊक होतं, ती त्यांच्यातलीच होती.

"माझी विनंती नाही," ती उठत म्हणाली. "माझं एक काम राहिलंय."

ती निघाली ती कुठेही न थांबता गल्लीपर्यंत आली. दुकान उघडून बसायचा मोह झाला, एक जाकीट अर्धवट पडलं होतं. ती दुकानाकडे पाठ करून उभी राहिली आणि मग तिने गल्ली ओलांडली. घंटा वाजवली. घंटा वाजवल्यावर पळून जाणाऱ्या पोरांसारखं पळून जावं, असं तिला मनापासून वाटलं.

दार मेहुण्याने उघडलं. दाढी वाढली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून मागे गल्लीत पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"एकट्याच आलात, ताई?"

"एकटीच."

तो दारातून बाजूला झाला. आत जेवणाच्या टेबलापाशी धाकटी शेंगा सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही. बोटं चालूच राहिली, दाणे भांड्यात पडत राहिले. थोरली उंबऱ्याच्या आत येऊन उभी राहिली. बस म्हणायची वाट बघावी की आपणच बसावं, तिला कळेना.

धाकटीने टेबलाखालून पायाने एक खुर्ची बाहेर ढकलली.

"प्रार्थना करायची नाही," ती म्हणाली.

"नाही करत."

"मग बोल."